खालचा गोल

सात रस्त्यावरच्या इरफानने बिलाच्या मागे लिहून दिलं:
टॉवेल वापरायचा नाही.
मी हसले. म्हटलं, अरे, मी टॉवेलच्याच कारखान्यात आहे,
अक्कलकोट रोडला, हेमिंगला.
म्हणूनच सांगतो, तो म्हणाला,
धागा जखमेत बसला तर महागात पडेल.

रात्री दार लावून प्लॅस्टिक सोलून काढलं.
आत शाई, घाम, थोडं रक्त,
रंगखात्यातून नालीत जातं तसलं पाणी.
आमच्या विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी,
आज तिसरा.
ड्रमच्या तळातलं तांब्याभर उकळलं,
निवेपर्यंत फुंकर घालत बसले.
बिनवासाचा साबण. पुसायचं नाही, टिपायचं.
मलम ज्वारीच्या दाण्याएवढं, जास्त नको,
कातडीला श्वास लागतो म्हणे.

मनगटाच्या वर, आतल्या बाजूला
अम्माची सही आहे. तेलुगूत.
मला वाचता येत नाही, मी मराठी शाळेतली.
तिच्या फंडाच्या फॉर्मची झेरॉक्स नेली होती,
इरफानलाही वाचता येत नव्हती.
आम्ही दोघांनी मिळून एक नाव
चित्रासारखं उतरवलं.

मे महिना. बेचाळीस.
पूर्ण बाह्यांचा ड्रेस बघून सुपरवायझर म्हणाला, थंडी वाजते काय?
कापसाची कुसळं हवेत, पापण्यांवर, चहात.
दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बाही वर करून बघायची,
तान्हं पोर झोपलंय की उठलंय बघावं तशी.

चौथ्या दिवशी खाज सुटली.
देवा, ती खाज.
मुंग्यांनी अख्खी शिफ्ट लावलेली.
खाजवायचं नाही. सोलायचं नाही.
वरून हलकेच थोपटायचं.
मी थोपटत बसले, डावा हात उजव्याने,
शेजारचा माग खटखटत होता, त्याच्याच तालात.

सातव्या दिवशी चादरीवर काळे पापुद्रे.
अम्माने चिमटीत धरून उजेडात नेले.
ढेकूण नव्हे, म्हणाली. दाखव.

तिच्या स्वतःच्या हातावर हिरवं गोंदण,
रेघा फुटून एकमेकींत गेलेल्या.
मलम कसलं, हळद थापली,
दुसऱ्या दिवशी पानं कातरायला बसले,
हे मी शंभरदा ऐकलेलं.
आता एकशे एकाव्यांदा ऐकायची तयारी ठेवली.

पण ती काहीच बोलली नाही.
मांडीवरचं सूप बाजूला सारलं,
तंबाखूचं बोट अक्षरांच्या वर अधांतरी धरलं,
टेकवलं नाही.
डावीकडून उजवीकडे गेली.
मग म्हणाली, हे मी नव्हे.

खालचा गोल कुठाय?
शेवटच्या अक्षराखाली एक गोल असतो.
तो नाही तर नरसव्वा होत नाही.
नरसव होतं. नरसव कोण?

मी झेरॉक्स आणली.
झेरॉक्सवरही गोल नव्हता.

बराच वेळ तिने कागद धरला.
त्या दिवशी मागं लई रांग होती, म्हणाली.
क्लार्क म्हणत होता, बाई, आटपा की.
मग सूप ओढून घेतलं,
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा.

इरफान म्हणतो, महिनाभर थांब,
पूर्ण भरू दे, मग गोल घालू, पैसे नको.
मी हो म्हटलंय. नाही असंही म्हणेन कदाचित.
आता सगळं गुळगुळीत होत आलंय,
मेण लावलेल्या दोऱ्यासारखं.
फक्त रात्री खाज सुटते ती
शेवटच्या अक्षराखाली,
जिथं सुई लागलीच नाही तिथं.
अंधारात माझं नख तिकडं जातं
आणि पलीकडच्या चटईवरून
झोपेत की जागेपणी, कोण जाणे,
अम्मा म्हणते, वद्दु, वद्दु.